भिंतीची पाठ

"साहेब म्हने, त्या बाजूनं कोन पाह्यते," असं बदरुद्दीन मिस्त्री सहज बोलून गेला आणि बशीतला चहा फुंकू लागला. बसस्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही उभे होतो. मी एवढंच विचारलं होतं, की वकीलसाहेबांच्या भिंतीला तुम्ही त्यांच्या अंगानं गिलावा केलात, मग आमच्या अंगानं विटा उघड्याच का सोडल्या. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. "माल उरला होता साब. मी म्हनलं, दोन्हीकून हात फिरवून देतो, भितीले बरं राह्यते. तं ते म्हने, राहू दे मिस्त्री, त्या बाजूनं कोन पाह्यते." मग त्यानं बशी ठेवली, गमछानं तोंड पुसलं, शेलूबाजारला कुणाच्या गोदामाचं काम धरलंय, पाऊस लागेपर्यंत तिकडेच राहीन म्हणाला, आणि मोटारीत चढून गेला. त्याचा काही दोष नव्हता. मला मात्र ऑफिसात दिवसभर एक ओळ धड लिहिता आली नाही. संध्याकाळी सायकलवर घरी येताना पायडलाबरोबर तेच वाक्य फिरत होतं. कोण पाहतं? मी पाहतो. माझी बायको केशरबाई पाहते. माझा ऐंशीला टेकलेला बाप, भिवाजी, सकाळी चहा झाला की त्या भिंतीपाशी खाट टाकतो तो दिवस बुडेपर्यंत तिथंच असतो. एवढी जिवंत माणसं रोज पाहतात, आणि शेजारचा शिकलासवरलेला माणूस आपल्या मिस्त्रीला सांगतो की कुणी पाहत नाही. मुद्दाम सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. त्यानं सहज सांगितलं होतं, म्हणून माझं डोकं फिरलं.

भिंत उठली तेव्हा आम्ही गावी होतो. केनवडला माझी आत्या वारली, तिचं सगळं उरकून परत आलो तर परसातली मेहंदीची रांग मुळासकट गेलेली आणि तिच्या जागी पुरुषभर उंचीची विटांची भिंत. त्या मेहंदीत एक फट होती. त्या फटीतून केशरबाई कढीपत्ता द्यायची आणि पलीकडून वकिलीणबाई कधी चार लिंबं, कधी लोणच्याची फोड द्यायच्या. म्हणजे हातात नाही, मेहंदीच्या बुंध्याशी एक दगड होता, त्यावर ठेवायच्या. दगडही गेला. "जनावरं फार शिरतात हो," वकीलसाहेब मला रस्त्यात भेटून म्हणाले, "शिवाय तुमचीही आयतीच सोय झाली." मी बरं म्हणालो. मी नेहमीच बरं म्हणतो, आणि त्यांच्याशी बोलताना शाळेत शिकलेलं शुद्ध बोलतो; त्याचाही मला नंतर राग येतो. त्यांच्याकडून भिंत पाहिली तर गुळगुळीत, फिकट निळा हात दिलेली, मधोमध तुळशीसमोर दिव्यासाठी कोरलेली देवळी. माथ्यावर फुटक्या बाटल्यांच्या काचा पुरलेल्या. आणि आमच्याकडून? विटांच्या सांध्यांतून दाबून बाहेर आलेला माल तसाच वाळलेला, कुठं वीट पुढं, कुठं मागं, कुठं अर्धीच. खालच्या थराला मिस्त्रीच्या पोरांनी विड्या विझवलेल्या काळ्या टिकल्या. मी संत्र्याची दोन कलमं लावली होती, एक पेरू, वाफ्यात आंबाडी आणि मेथी. त्या सगळ्या हिरव्याच्या मागं ती पाठ.

आणि बा त्या पाठीला पाठ लावून बसायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. भिंत पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं खाट उचलून तिच्या बुडाशी नेली आणि म्हणाला, "सावली चांगली पडते." ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या गावात आमची वस्ती पूर्वेला. गावातल्या साऱ्या घरांनी आमच्याकडे पाठ केलेली. त्या बाजूला कुणी खिडकी काढली नाही, कुणी गिलावा केला नाही; तिकडं निघाल्या फक्त न्हाणीच्या मोऱ्या. मी लहानपणी गाव म्हणून जे पाहिलं ते हे: उघड्या, पावसानं झडलेल्या पाठी, आणि त्यांतून येणारं साबणाचं, भाज्यांचं, बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी. दुपारी बाप्ये त्या पाठींच्या सावलीत बसून तंबाखू मळत. चांगली सावली पडते, असं तेव्हाही बा म्हणायचा. आणि माझी माय दिवाळीच्या आधी त्याच घरांचे दर्शनी भाग लिंपायला, पोतारायला जायची. पुढून त्या घरांना तिच्या हाताची नक्षी असायची, तळव्यानं ओढलेले अर्धे गोल, एकात एक. पुढची बाजू तिला पाठ होती, पण तिथं उभं राहून कुणी ती पाहायची नसते, हेही तिला पाठ होतं. काम झालं की ती मोऱ्यांच्या बाजूनं घरी यायची. छप्पन्न साली आम्ही धम्म घेतला, घरातले देव पोत्यात भरून नदीला सोडले, बानं गळ्यातली माळ तोडली. मला वाटलं होतं, आता सगळं फिरेल. माणसं पुष्कळ फिरली. भिंती मात्र जिथं तोंड करून उभ्या होत्या तिथंच उभ्या राहिल्या. मी शिकलो, बांधकामाच्या ऑफिसात कारकून झालो, वाशिमात ही जागा घेतली, विहीर खणली, घर बांधलं. आणि इतकं चालून आल्यावर गावच्या घराची पाठ माझ्या मागोमाग येऊन परसात उभी राहिली होती.

"मी गिलावा करतो," मी केशरबाईला सांगितलं.

"तुमी?" ती कणीक मळत होती. "तुमाले येते?"

"शिकीन."

"अन् भित त्याची हाय नं. त्याच्या भितीले आपला गिलावा काहून?"

माझा आवाज चढला. मी म्हणालो, भित त्याची असंल, डोळे माहे हायेत. ती म्हणाली, डोळ्यायचं एवढं असंल तं वेल चढवा दोडक्याचा, पावसाळ्यात सारी झाकून जाईन. सांगितलं ते शहाणपणाचं होतं. पण मला झाकायची नव्हती. झाकल्यावरही मला माहीत असतं मागं काय आहे. मला तिचं तोंड माझ्याकडे हवं होतं, आणि ते बायकोला समजावून सांगताना मलाच वेड्यासारखं वाटलं असतं, म्हणून मी न जेवता उठलो. ती मागून म्हणाली, "भाकरीवर कायले राग काढता?" आणि ताट झाकून ठेवलं.

घर बांधताना उरलेलं अर्धं पोतं सिमेंट कोठीत होतं. परमिटवर मिळवलेलं, जपून ठेवलेलं. वरचा थर दगड झाला होता, तो फोडून बाकीचं चाळून घेतलं. रेती होती. थापी आणि माल सारखा करायचा लाकडी रंधा पेठेतून आणला. गिलावा ह्या शब्दाशी माझा जन्माचा सहवास. ऑफिसात आलेल्या प्रत्येक अंदाजपत्रकात तो मी सुवाच्य अक्षरात उतरवला आहे. शाळेच्या खोल्या, दवाखाने, गुरांचे कोंडवाडे, सगळ्यांना मी कागदावर गिलावे केले. त्या रविवारी पहिली थापी भिंतीवर मारली आणि अर्धा माल माझ्या पायावर पडला. दुसरी मारली, ती चिकटली. रंध्यानं सारखी करायला गेलो तर रंध्यालाच लागून आली. दुपारपर्यंत मी थापीशी भांडत होतो. मग ती फेकली आणि हातानं थापू लागलो. ते जमलं. तळवा आपोआप वळत होता, डावीकडून वर, वरून उजवीकडे, आणि मला कळायच्या आत भिंतीवर मायचे अर्धे गोल उमटत होते. मी लहानपणी तिच्याशेजारी बसून हे कितीदा पाहिलं असेल. क्षणभर राग कुठं गेला कुणास ठाऊक. पण मायचा हात मातीत आणि शेणात फिरायचा. सिमेंट म्हणजे माती नव्हे, हे तळव्याला संध्याकाळी कळलं. कातडी पांढरी पडली, मग लाल झाली, मग बोटांच्या पेरांतून भेगा गेल्या. केशरबाईनं खोबरेल लावलं तेव्हा मी ओठ चावून बसलो. आणि सकाळी पाहतो तर गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटून वाफ्यात पडलेला, मेथी त्याच्याखाली गाडली गेलेली. तापलेल्या कोरड्या विटांनी मालातलं सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. माल बिचारा कशाला धरून राहणार? हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त त्या पापुद्र्याला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला. बा खाटेवरून हे सगळं पाहत होता, आणि त्या पाहण्याचाही मला राग आला.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. मायच्या मालात गव्हांडा असायचा. गव्हाचं बारीक काड मातीत तुडवलं की भिंत तडकत नाही, हे आमच्या वस्तीतलं शेंबडं पोर सांगेल. मी कामरगावच्या मेहुण्याकडून पोतंभर गव्हांडा मागवला आणि सिमेंटात कालवला. तळव्याला फडकं गुंडाळून थापलं. दोन दिवसांनी भिंतीला दाढी फुटल्यासारखं काड बाहेर आलं आणि बोट लावलं की भसाभस खाली. केशरबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "बकऱ्या आना आता," ती म्हणाली, "चाटून साफ करतीन." मलाही हसू आलं असतं, पण पलीकडून, काचांच्या वरून, वकीलसाहेबांचा आवाज आला, "काय चाललंय शेषराव? रोज खरवडल्याचा आवाज येतो." मी म्हणालो, "काही नाही साहेब, जरा डागडुजी." "असं असं," ते म्हणाले, "तुम्ही उगीच त्रास घेता." उगीच. त्यांना काय माहीत उगीच काय असतं? मी त्या दिवशी सगळा गव्हांडा खरवडून काढला. खरवडताना तळाशी पहिल्या खेपेचा एक तुकडा शाबूत सापडला. वरून बरा दिसत होता, पण अंगठा फिरवला तर पीठ निघालं. त्या पिठाकडे पाहता पाहता अंदाजपत्रकातली ओळ डोक्यात उभी राहिली. 'गिलावा करणे, पाणी मारण्यासह.' पाणी मारण्यासह. इतकी वर्षं हे दोन शब्द मी लिहीत आलो आणि त्यांच्यावर कधी थांबलो नाही. ते माझ्या लेखी ओळीचं शेपूट होतं.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी आधी भिंतीला पाणी पाजलं. विटा सुस्कारे टाकत पीत होत्या. मग माल, पातळसर, थापीनं फेकून. तळव्याला मी ह्या वेळी आवरलं. भिंत सरळ झाली असं मी म्हणणार नाही. मधे पोट सुटलं होतं आणि एका कोपऱ्यात रंध्याचे ओरखडे राहिले. पण ती चिकटली. तिला आमच्या बाजूनं तोंड आलं, वेडंवाकडं का होईना. आणि रोज सकाळ-संध्याकाळ मी तिला पाणी मारू लागलो. उन्हाळा वैशाखाचा, एक दिवस चुकला तर पुन्हा पीठ होणार आणि सिमेंट तर संपलेलं. विहिरीतून बादली काढायची, तांब्यानं भिंतीवर फेकायची. विहीर माझी होती. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो, कारण मला अजूनही ते पुरतं पटलेलं नाही. गावी आम्ही विहिरीच्या काठाखाली, दगडांपाशी बसायचो. माय घागर पुढं करून म्हणायची, "वरून वाढा माय," आणि काठावरची कुणी बाई मन झालं तर वरून ओतायची. जेवढं पडेल तेवढं. आणखी वाढा, असं म्हणायची रीत नव्हती. बासुद्धा तसाच ओंजळ करून प्यायचा, मान वर, डोळे मिटलेले, आणि पाणी नाकातोंडात जायचं. घराच्या आधी मी विहीर खणली ती त्यासाठी. बहात्तरच्या दुष्काळात साऱ्या गल्लीच्या विहिरी आटल्या, माझी नाही आटली. तेव्हा वकीलसाहेबांचा गडी मेहंदीच्या फटीतून येऊन रोज बादल्या न्यायचा. त्यांची गुलाबं, त्यांची जास्वंद, त्यांची तुळस त्या पाण्यावर जगली. मला त्याचा अभिमान वाटला होता. आता तो आठवला की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी वकीलसाहेब फाटकाशी आले. पायजमा, सदरा, हातात छत्री. मी बादली खाली ठेवली.

"या ना साहेब, बसा."

"नको, नको. उभ्या उभ्याच सांगतो." आजवर त्यांनी फाटक ओलांडलेलं नाही. "तुम्ही हे जे पाणी मारता ना, त्याची ओल आमच्याकडे उतरते. देवळीत. भिंत तिथं पातळ आहे."

"नवा गिलावा आहे साहेब. पाणी मारावंच लागतं. अजून थोडे दिवस."

"ते खरं हो. पण आमच्या हिचं म्हणणं पडलं, तिथं दिवा असतो. तुमचं पाणी देवळीत येतं ते तिला बरं वाटत नाही." त्यांनी छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली. "पाणी कशाचं असतं? म्हणजे सांडपाणी वगैरे तर नाही?"

माझ्या डोळ्यांपुढं केनवडच्या साऱ्या मोऱ्या एकदम वाहायला लागल्या. मी म्हणालो, "विहिरीचं."

"तुमच्या विहिरीचं," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

"हो. माझ्याच. बहात्तर साली तुमची बाग ह्याच पाण्यावर जगली. तुळससुद्धा."

"झाडांचं वेगळं हो," वकीलसाहेब म्हणाले. अगदी समजुतीनं, लहान मुलाला सांगावं तसं.

मी इतकी वर्षं त्यांच्याशी जे शुद्ध बोलत आलो होतो ते त्या क्षणी गळून पडलं. "काहून वेगळं?"

त्यांचा चेहरा बदलला. "हे पाहा, तुम्ही सुशिक्षित माणूस आहात, शब्द वाढवू नका. भिंत माझी आहे. तुम्हाला गिलावा करायला कुणी सांगितलं होतं? त्या बाजूनं..." आणि ते थबकले.

"त्या बाजूनं मी पाह्यतो वकीलसाहेब," मी म्हणालो. "माही बायको पाह्यते. तो तिथं बसला नं खाटेवर, थो माहा बाप हाय. थो पाह्यते."

त्यांनी बाकडे पाहिलं. मला वाटतं पहिल्यांदाच पाहिलं. मग छत्री उघडली, ऊन अजून कोवळंच होतं तरी उघडली. "पाणी बंद ठेवा एवढंच सांगायला आलो होतो. विचार करा," असं म्हणून ते गेले. माझ्या पेरांतल्या भेगांतून पुन्हा रक्त आलं होतं. केशरबाई ओसरीत उभी राहून सगळं ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "वकील मानूस हाय. जपून राहा." तिचं खरं होतं. भिंत त्यांची, कायदा त्यांच्या घरचा. पाणी थांबवलं तर गिलाव्याचं पीठ होणार, पावसात झडून जाणार, आणि मग मी उरलेला जन्म त्या पाठीसमोर मेथी खुडत बसणार. आणि बा तिच्या सावलीला चांगली म्हणत तिथंच डोळे मिटणार.

"काय म्हने थो?" बानं विचारलं. त्याला अलीकडे कमी ऐकू येतं.

"पानी मारू नका म्हने. त्याच्या देवळीत आपलं पानी उतरते."

मी वाट पाहत उभा राहिलो. मला ठाऊक होतं तो काय म्हणेल. तो म्हणेल, राहू दे बापू, कायले कोनाशी वाकडं. जन्मभर त्यानं तेच म्हटलं होतं, पाटलाला, सावकाराला, मोऱ्यांच्या पाण्याला, काठावरच्या बायांना. त्यावर त्याला काय बोलायचं ते माझ्या ओठांवर तयार होतं. इतक्या वर्षांचं सगळं, वकिलाला न बोललेलं, त्या म्हाताऱ्याला बोलायला मी तयार होतो. इतका राग मला त्या भिंतीचाही आला नव्हता.

बा उठला. खाटेचं एक टोक धरून त्यानं ती भिंतीच्या बुडापासून ओढत ओढत पेरूच्या झाडाकडे आणली. मी मदतीला गेलो तर हातानंच बाजूला सारलं. खाट उन्हात आली. त्यानं ती फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. कपाळावर हात आडवा धरून त्यानं सगळी भिंत पाहिली, सुटलेलं पोट, ओरखडे, वाळत चाललेला वरचा कोपरा.

"तू खाली खालीच मारून राह्यला," तो म्हणाला. "वरतं कोल्ली पडली. वरून वत."

मी भरलेली बादली उचलली, वाफ्याच्या कडेला लावलेल्या एका दगडावर चढलो आणि काचांच्या मधोमध, भिंतीच्या माथ्यावर ती सगळी उपडी केली. पाणी काचांतून वाट काढत दोन्ही अंगांनी खाली उतरलं. पलीकडे कुणाचं तरी भांडं वाजलं. मी दगडावरून वळून बाकडे पाहिलं. त्यानं कपाळावरचा हात काढला नव्हता.

"आनखी," बा म्हणाला.